अकरा टाके

लुईसमध्ये, पुलाच्या अलीकडे, उतारावर
होलोबोन बाईंचं दुकान.
दार ढकललं की घंटा वाजत नाही, कुत्रा भुंकतो.
आम्हाला कोपऱ्यासाठी एक दिवा हवा होता.
श्रीरंगला जोडी हवी होती.

चिनी मातीची म्हणजे लोणच्याची, एवढीच माझी ओळख.
मिरजेच्या बाजारातली बरणी, खांद्यावर तपकिरी,
चीन तिनं स्वप्नातही पाहिला नसेल.
इथे मात्र खरोखर समुद्र ओलांडून आलेल्या:
आल्याच्या मुरंब्याच्या, झाकणं हरवलेल्या,
शेवाळी झिलईची एक, अंगभर मुद्दाम पाडलेल्या भेगांचं जाळं,
आणि एक तांबडी, बैलाच्या रक्ताच्या रंगाची,
तिच्याकडे श्रीरंगनं किंमत वाचेपर्यंत
प्रेमानं पाहिलं.

मी मडकं घेताना मारतात तशी टिचकी मारत गेले.
बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"ऐकून घेणारं गिऱ्हाईक," त्या म्हणाल्या, "बऱ्याच वर्षांनी."

मग शिकवायलाच बसल्या.
दिवा खुर्चीत बसून पाहायचा, उभ्यानं नाही.
शेडची खालची कड डोळ्यांच्या रेषेत, बल्ब दिसता कामा नये.
वायर कापडी असेल तर आधी बदलायची, कौतुक नंतर.
आणि तळ पाहायचा.

दिव्याखाली अंधार, तो इथेही होता.
त्या अंधारात सहा अक्षरं, कुठल्याशा बादशहाचं नाव.
"खोटं," बाई म्हणाल्या, "पण आदरानं खोटं.
मागाहूनच्या कुंभारानं थोरांचं नाव घेतलेलं."
अक्षरांच्या मधोमध
भोक.

ते त्यांच्या वडिलांनी पाडलेलं.
अठ्ठावन्न साली, परसातल्या खोपटात,
तांब्याची नळी, वाळू, वरून पाण्याची धार,
एका फुलदाणीला अख्खी दुपार.
"चाळीसेक केली. तीन तडकली.
तिसरीनंतर त्यांनी हत्यारं विकून टाकली."

ती तिसरी खिडकीपाशी होती, छत्र्यांच्या मागे.
जोडीदार नाही.
बगळा, कमळाची पानं,
आणि बगळ्याच्या मानेपासून खाली
पितळी टाके.

मी मोजले. ब्रायटनच्या ऑपरेशन थिएटरात
सतरा वर्षं टाके आणि बोळे मोजतेय,
बोट आपोआप जातं.
अकरा. सारख्या अंतरावर, कुठेही ओढ नाही.
"कुणी घातले?"
"महिन्यातून एकदा एक म्हातारा यायचा पेटी घेऊन.
नाव कुणी लिहून ठेवलं नाही."

टिचकी मारली. आवाज बद्द.
"हाच," मी म्हणाले.
"फुटका दिवा? पैसे देऊन?"
श्रीरंगच्या तोंडून त्याच्या आईचा आवाज आला.
त्यालाही ते कळलं असावं,
तो कुत्र्याशी बोलायला गेला.

बाई पंच्याण्णव म्हणाल्या, मी सत्तर.
ऐंशीला तुटलं, आणि वर एक रेशमी शेड,
एका बाजूनं उन्हानं विटलेली.

नोव्हेंबरात इथे दिवेलागणीला चारच वाजलेले असतात.
ड्यूटीवरून येते तर टाके भिंतीकडे,
खोलीकडे नुसती पानं.
मी दिवा फिरवते. बगळा पुढे येतो.
सकाळी पुन्हा पानं.
यावर आम्ही कधी बोललेलो नाही.

काल पाहिलं तर शेडची विटलेली बाजू
त्यानं भिंतीकडे केलेली,
बगळा मात्र जिथल्या तिथे,
माझ्या खुर्चीकडे तोंड करून.
मी वाकून बटण दाबलं
तेव्हा टाक्यांना
चिंचेचा वास येत होता.